सातवा रांजण

१३ एप्रिल, रविवार

आज थडग्यावर जेवण झालं. दरवर्षीप्रमाणे अमेरिकेच्या लष्करी तळाच्या फाटकावर उन्हात उभं केलं, ओळखपत्रं पाहिली, डब्यांची झाकणं उघडायला लावली. डुकराचं मांस, तळलेलं तोफू, गाठी मारून शिजवलेलं समुद्रशेवाळ, तांदळाचे गोळे. "एवढ्यानं अमेरिकेचं आरमार बुडणार असेल तर बुडू दे एकदाचं," तोयोताई मोठ्यानं म्हणाली. मी तिचा हात दाबला. वर्षातून एकदा आत सोडतात, तेही हिच्या तोंडामुळे बंद व्हायचं.

युद्ध संपल्यावर त्यांनी इथे कुंपण घातलं, तेव्हा आमचे मेलेले आत राहिले आणि जिवंत बाहेर. टेकडीच्या पोटात थडगं, समोर किनारा. आईला आता फारसं दिसत नाही. पण गाडीतून उतरली की तिचे पाय वाट ओळखतात. दाराच्या दगडाला गाल लावून ती आतल्यांशी एकेक करून बोलली. आजोबा, आजी, चुलते, काकू, आत्याबाई, बाबा. आमच्यात मेलेल्यांच्या अस्थी रांजणात ठेवतात; प्रत्येकाचा रांजण कुठे ठेवलाय ते तिला पाठ आहे. सर्वांत शेवटी सेइकिचीदादा.

"पुढच्या खेपेला मी आतच येते रे. माझी जागा धरून ठेव."

"दरवर्षी हेच सांगतेस," तोयोताई म्हणाली, "आणि दरवर्षी डुक्कर हाणून घरी परत येतेस."

आई खूप हसली. आमच्यावर लक्ष ठेवायला एक गोरा शिपाई दिला होता. तिनं मांसाचा मोठा तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. तो नको नको म्हणत होता. "खा," ती म्हणाली, "तूही कुणाचा तरी असशीलच की." त्याला भाषा कळली नाही, पण त्यानं खाल्लं.

निघताना टोकियोच्या संरक्षण खात्याचे मिझुशिमा-सान आले. थडग्यासमोर नीट वाकून उदबत्ती लावली. मुख्य भूमीवरचा माणूस आम्हा बेटवाल्यांसाठी इतकं करतो हे लहान नाही.

१४ एप्रिल

ते काय सांगून गेले ते काल लिहवलं नाही. दक्षिणेच्या समुद्रात चीनचं बळ वाढलंय. म्हणून अमेरिकेला इथे मोठ्या जहाजांसाठी धक्का हवाय आणि आपलं सरकार तो बांधून देणार आहे. टेकडी कापायची, किनारा भरायचा. थडगं हलवावं लागेल. गावात पालिकेनं भिंतीत कप्पे केलेली इमारत बांधली आहे, तिथे आम्हाला चांगला मोठा कप्पा मिळेल.

मी विचारलं, हलवायचं ते आमच्या हातानं, आमच्या रीतीनं करू द्याल का? म्हणाले, "अगदी. तुमच्या रीतीचा आम्ही पूर्ण मान ठेवू."

आमच्यात थडगं मनाला येईल तेव्हा उघडत नाहीत. घरात कुणी गेलं तरच. उगाच उघडलं तर आतले बाहेरच्यांना बोलावून घेतात. फक्त जुन्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या सप्तमीला कसलाच दोष लागत नाही. यंदा ती ऑगस्टच्या अखेरीला येते. त्या दिवशी आईला घेऊन जायचं, तिच्यादेखत सगळ्यांना बाहेर काढायचं, नव्या जागी नेऊन ठेवायचं. जागा बदलली तरी दादाशेजारी झोपायचं एवढीच तिची इच्छा आहे. ती पुरी करणं माझ्या हातात आहे. गोड बोलून, धीरानं घेतलं तर होईल.

६ मे

पहाऱ्याच्या होडीवर लागलो. तोयोताईला सांगितलं. तिनं चहाचा पेला उपडा घातला आणि उठून गेली.

काम असं आहे. धक्क्याच्या भरावासाठी दगडांनी भरलेली बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू जहाजं, येतात. विरोधवाले छोट्या होड्या वल्हवत आडवे येतात. आपण भोंग्यावरून सांगायचं, "हा बंदी असलेला भाग आहे. कृपया बाजूला व्हा." सोबत इराहा आहे. तोही माझ्यासारखा जाळं सोडलेला कोळी. नवी टोपी मिळाली. इराहा म्हणतो, तुझं डोकं आता सरकारी दिसतं.

ताई म्हणते मी विकला गेलो. मी करणार तरी काय? दक्षिणेला टूना धरायला जावं तर चीनची गस्तीनौका मागे लागते, आणि आपल्या तटरक्षकांची नौका आपल्यालाच ओरडते, परत फिरा, उगाच भांडण नको. घराजवळ जाळं टाकावं तर अमेरिकनांच्या हद्दीच्या केशरी, तरंगत्या बोयांची रांग. झुंजीच्या दोन बैलांमध्ये सापडलेल्या माणसाला कुठला बैल आपला हे विचारायला सवड नसते. शिवाय मिझुशिमा-सान म्हणाले, सहकार्य करणाऱ्या कुटुंबांचा वर आवर्जून विचार होतो. हे मी ताईला सांगितलं नाही. ती हसली असती.

२ जून

ताई रोज फाटकासमोर जाऊन बसते. दगडांचा ट्रक आला की पोलीस या म्हाताऱ्यांना उचलून बाजूला ठेवतात. ट्रक गेला की हे पुन्हा येऊन बसतात. आज संध्याकाळी आईला सांगत होती, "चौघांनी उचललं मला. जिवंतपणीच चौघांच्या खांद्यावर जाऊन आले बघ."

"अगं, मग उतरलीस कशाला?" आई म्हणाली. "तसंच थडग्यापर्यंत सोडा म्हणायचं. तेवढेच माझे निरोप पोचले असते."

दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. माझ्याकडे मात्र ताईनं पाहिलं नाही. आईला टेकडीबद्दल दोघांनीही अजून सांगितलेलं नाही. निदान यात तरी आमचं एकमत आहे.

२३ जून

आज युद्धात मेलेल्यांचा दिवस. बाराच्या ठोक्याला सगळं बेट गप्प उभं राहिलं. आई अंथरुणात उठून बसली. पंधरा वर्षांची असताना ती दक्षिण टोकाला एका गुहेत लपून होती. सोबत धाकटा भाऊ होता, कामेजिरो. बाहेर आली ती एकटी. यापलीकडे तिनं कधी काही सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

ताई पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलली. "तुझ्या बार्जवर दगड कुठून येतो माहितीये तुला?"

"खाणीतून."

"कुठल्या? दक्षिणेच्या. लोक अजून तिथे खुरपी घेऊन आपल्या माणसांची हाडं शोधतायत. त्या दगडमातीत माणसं आहेत, कियो. आणि तू भोंगा लावून त्यांना समुद्रात पोचवतोस."

"ताई, दगड तो दगड," मी म्हणालो.

आईनं मान वळवली. "काय म्हणालास?"

"काही नाही, आई."

ताईला प्रत्येक गोष्टीत माणसं दिसतात. असं म्हटलं तर रस्तासुद्धा चालता येणार नाही.

८ जुलै

मिझुशिमा-सान घरी आले. टोकियोची बिस्किटं आणली, खोका फारच सुबक. आई झोपली होती. सप्तमीला आत सोडायचं नक्की झालं म्हणाले. इतकं बरं वाटलं! मग त्यांनी विचारलं, आत एकूण किती रांजण?

"सात."

"सातांमध्ये अस्थी आहेत?"

खरं ते सांगितलं. "सहांमध्ये. सातवा माझ्या मोठ्या भावाचा, सेइकिचीचा. तो समुद्रात गेला, सापडला नाही. त्यात तीन दगड आहेत."

"म्हणजे अवशेष नाहीत."

"तसे अवशेष नाहीत."

त्यांनी टिपून घेतलं. "इतकं स्वच्छ सांगणारा माणूस विरळा, तामायोसे-सान. काम सोपं झालं." जाताना माझा हात दोन्ही हातांत घेतला.

दादा वीस वर्षांचा होता. आरमाराचा सराव चालू होता, त्याआधी जाळं काढून आणतो म्हणून गेला. होडीची एक फळी तेवढी परत आली. आई तीन संध्याकाळ किनाऱ्यावर उभी राहून त्याला हाका मारत होती. मी तिची बाही धरून होतो, मला आठवतं. चौथ्या दिवशी पहाटे लाटेनं पायाशी आणलेले तीन गोटे तिनं उचलले, पांढऱ्या कापडात बांधले, आणि म्हणाली, "आला. चला घरी." आमच्यात समुद्रानं ठेवून घेतलेल्याला असंच आणतात. गावात कुणालाही विचारा, सेइकिची थडग्यातच आहे म्हणून सांगेल. हे सगळं मिझुशिमा-सानना सांगायचं राहून गेलं. पण शिकलेला माणूस आहे, समजला असेल.

२० ऑगस्ट

शेवटी आईला सांगितलं. म्हटलं, टेकडी जायची आहे, पण आपण सगळ्यांना घेऊन येणार, तुझ्यादेखत.

तिनं अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "छत्री काळीच घे. बाहेर काढताना ऊन लागता कामा नये कुणाला. आणि सेइकिचीला मी धरणार. तो जड नाही."

तोयोताईसुद्धा येणार आहे. "तुझ्यासाठी नाही, दादासाठी," म्हणाली. तरी येणार आहे!

२९ ऑगस्ट, सप्तमी

आईला स्वच्छ कपडे घातले. छिन्नी, पांढरं कापड, काळी छत्री, अवामोरी दारूची बाटली, उदबत्त्या, सगळं घेतलं. नऊला फाटकावर पोचलो. फाटक बंद. शिपाई एकच वाक्य म्हणत राहिला, आज नागरिकांना प्रवेश नाही. दक्षिणेच्या सामुद्रधुनीत चीनची जहाजं पुढे आली म्हणे, म्हणून इकडे सगळे सज्ज.

मिझुशिमा-सानना फोन लावला. फार दिलगीर होते. "परिस्थितीच अशी आहे. पुढची तारीख कळवतो."

"आज सप्तमी आहे," मी म्हणालो.

"हो, हो. पुढची तारीख नक्की कळवतो."

आई कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत छत्री धरून बसली. तिच्या डोक्यावर छत्री नव्हती, तिनं ती आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर धरली होती. आम्ही ती सरकवली नाही.

ताई म्हणाली, "चीन हलला की आपलं फाटक बंद. अमेरिका हलली की आपला समुद्र बंद. आणि आपण हललो की चार पोलीस."

१२ सप्टेंबर

सकाळी पालिकेतून निरोप. "तुमच्या कुटुंबाचे अवशेष सुरक्षित हलवण्यात आले आहेत, येऊन सही करा." मला वाटलं, काही गफलत आहे. धावत गेलो.

भिंतीच्या कप्प्यासमोर सतरंजीवर रांजण मांडले होते. पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, वर चिठ्ठ्या लावलेल्या. कामगारांनी खरंच काळजीपूर्वक आणले होते, एकालाही चीर नव्हती. मी मोजले. पुन्हा मोजले. मग मागच्या खोलीत जाऊन पाहिलं.

मिझुशिमा-सान फोनवर नेहमीसारखेच मऊ बोलले. सज्जतेमुळे काम लवकर उरकावं लागलं. नागरिकांना आत आणणं धोक्याचं होतं.

"सातवा कुठे आहे?"

"अवशेष असलेले सहाच होते ना? आपणच सांगितलंत. रिकामी भांडी हलवण्याची तरतूद नाही."

"रिकामं नव्हतं ते."

"दगड होते, असं आपण म्हणालात."

मी म्हणालो होतो. अगदी असंच म्हणालो होतो. मी फोन ठेवला आणि सही केली. सही का केली ते माहीत नाही. सवय.

१३ सप्टेंबर

कामावर गेलो. मुद्दाम होडी टेकडीच्या अंगाला घेतली. टेकडी नाही. ती समोरच्या समुद्रात ढकलून त्यावर बार्जचा दगड ओतलाय. आई जिथे हाका मारत उभी राहायची तिथे आता एक पिवळं यंत्र उभं आहे.

ते कापत होते त्या दिवशी मी इथेच होतो. धुरळा उठलेला दुरून पाहिला होता, रस्त्याचं काम असेल असं वाटलं. इराहाला म्हणालो होतो, वारा पडलाय ते बरं, नाहीतर डोळ्यांत गेलं असतं.

इराहा म्हणाला, "तुझ्या आईला दिसत नाही ना आता?" मी हो म्हणालो. "मग झालं तर," तो म्हणाला. वाईट माणूस नाही तो.

१४ सप्टेंबर

आईला सांगितलं, सातही आले.

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. "मला नाही नेलंत ते नाही नेलंत," ती म्हणाली. "आता मला काही उठवत नाही. तू असं कर, सेइकिचीला इथे घेऊन ये. एकदा हात लावू दे. मग नेऊन ठेव."

ताईला खरं ठाऊक होतं; ती स्वयंपाकघरात होती. बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलणार. पण ती परसात गेली आणि बराच वेळ परतली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर

दुसऱ्या किनाऱ्यावरचे गोटे आणले असते. गुळगुळीत, छान मिळतात. पण रीत अशी आहे की जिथून हाक मारली तिथलेच दगड हवेत. तिथे आता भराव आहे. म्हटलं, निदान जागा तरी तीच. होडी भरावाच्या कडेला लावली. इराहानं तोंड दुसरीकडे केलं. मी पाण्याजवळचे तीन तुकडे उचलले.

फुटका, पांढरा, धारदार दगड. घरी परसात वाळू-पाण्यात घालून घासत बसलो. कोपरे थोडे मोडले. बोटं सोलली. ताई दारात उभी राहून पाहत होती. मग तिनं आतून जुनं पांढरं कापड आणून दिलं.

१८ सप्टेंबर

आईला उशीला टेकवून बसवलं. पुरचुंडी ओंजळीत ठेवली. तिनं गाठ स्वतः सोडली. एक दगड घेतला, अंगठा फिरवला. दुसरा घेतला. तिसरा गालाला लावला. मग जीभ लावून पाहिली.

"हा समुद्रात राहिलेला नाही," ती म्हणाली.

तिनं दगड नाकाशी नेला.

"हा दक्षिणेचा आहे. असल्या दगडाला पाठ लावून मी बसले होते. ओला झाला की असाच वास यायचा." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "सेइकिची कुठे आहे?"

"समुद्रात," ताईच म्हणाली. "पुन्हा."

आईनं मान हलवली. मला वाटलं ती दगड खाली टाकेल, मला टाकून बोलेल. मला तेच हवं होतं. पण तिनं तिन्ही दगड कापडावर नीट जवळजवळ ठेवले, बांधले, आणि गाठ पुन्हा चाचपून पाहिली.

"हा आपला सेइकिची नाही, कियो. पण कुणाचा तरी आहे. बाहेर टाकू नकोस. माझ्याजवळ ठेव."

१ नोव्हेंबर

आई परवा गेली. आज भिंतीतल्या कप्प्यात ठेवली. बाबांच्या शेजारी, आणि दुसऱ्या बाजूला ती पुरचुंडी. चिठ्ठीवर काय लिहू, असं पालिकेच्या बाईनं विचारलं. ताई म्हणाली, कोरी ठेवा.

मिझुशिमा-सान आले नाहीत. त्यांची बदली झाली म्हणे. नवे साहेब आले होते, नीट वाकून उदबत्ती लावली.

३ नोव्हेंबर

काम सोडावं असं मनात आहे. सोडून जाऊ कुठे? दक्षिणेला तीच नौका, इथे तेच बोये, आणि आता टेकडीसुद्धा नाही. ताईला म्हटलं, मी तुझ्यासोबत फाटकावर येऊन बसू का? ती म्हणाली, "बस की. पण उशीर झाला रे." रागानं म्हणाली नाही.

४ नोव्हेंबर

समुद्र शांत. सकाळी दोन बार्ज आली, काठोकाठ भरलेली. दगड पांढरा. जवळून गेली तेव्हा मी टोपी काढून उभा राहिलो. "ऊन लागेल, म्हाताऱ्या," इराहा म्हणाला. मग माझ्याकडे पाहून त्यानंही काढली.

तेवढ्यात छोट्या होड्या आडव्या आल्या. मी भोंगा घेतला. हा बंदी असलेला भाग आहे, कृपया बाजूला व्हा, असं नेहमीचं सांगितलं. बार्जना वाट करून दिली.